बिनआवाजाचं दार

१

गॅरेजचं दार सताड उघडं होतं आणि आत गाडीच्या टपावर समोरच्या बाईंची मांजर पाय ताणून झोपली होती. चोरी झाली नव्हती, कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. तरी दारापुढे उभ्या असलेल्या तिघांचे चेहरे असे होते की आत मुडदा पडलाय असं वाटावं.

एक घरमालक, एक त्यांची लेक आणि एक समोरच्या बाई. चौथी मी, हातात हत्यारांची पेटी घेऊन. गॅरेजची दारं आणि ती उघडणारी मशिनं विकणं, बसवणं, तेलपाणी करणं हा माझा आणि नवऱ्याचा धंदा. या घरातलं मशीन मीच बसवलं होतं.

"ताई, एकच सांगा," लेक म्हणाली. "मशीन बिघडलंय, की..."

"की मी?" वाक्य तिच्या वडिलांनी पुरं केलं.

या गृहस्थांना सगळी गल्ली कुलूपकाका म्हणते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बँकेच्या तिजोरीचं दार बंद करण्यात घालवली. बंद करायचं आणि तीनदा ओढून बघायचं. ती खोड निवृत्त झाल्यावरही गेली नाही. घराचं दार, गाडीचं दार, एवढंच काय, फ्रिजचं दारसुद्धा ते तीनदा ओढून बघतात. पाहुणे म्हणून कुणाकडे गेले तर तिथलंही ओढतात. अशा माणसाकडून दार उघडं राहतं म्हणजे माशाने पोहायला विसरावं.

पण राहत होतं खरं. नवं मशीन लागल्यापासून हे कितव्यांदा तरी झालं होतं. काका छातीवर हात ठेवून सांगायचे, मी बंद केलं होतं. थोड्या वेळाने समोरच्या बाई बघायच्या तर दार आ वासून उभं. बाई लगेच लेकीला फोन करायच्या. लेक राहते लांब, दुसऱ्या शहरात. तिने तिथे वृद्धनिवासात एक खोली बघून ठेवली होती. रविवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्रीणबाई, मशीन नीट तपासा. मशीन बिघडलेलं निघालं तर प्रश्नच मिटला. चांगलं निघालं तर बिघाड माझ्यात आहे. मग मी मुकाट्याने बॅग भरतो."

आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, देवा, माझंच मशीन खराब निघू दे.

२

मशीन ठणठणीत होतं.

मी दोरी ओढून दार मशीनपासून सोडवलं, हाताने कमरेएवढं उचललं आणि सोडून दिलं. होतं तिथे थांबलं. म्हणजे स्प्रिंगा छान. चाकं रुळात गुळगुळीत फिरत होती. खाली दोन्ही बाजूंना जे सेन्सर असतात, दाराखाली कुणी आलं तर ओळखणारे, ते मी पदराने पुसले. मग दार खाली येताना मध्ये झाडू धरला. दार थबकलं आणि आल्या पावली वर गेलं. अगदी सभ्य माणसासारखं.

"ऊन?" मी आशेने विचारलं. कधी कधी तिरपं ऊन थेट सेन्सरच्या डोळ्यात जातं आणि बंद होणारं दार परत फिरतं.

"परवा दिवसभर ढग होते, तरी उघडलंच," लेक म्हणाली. हुशार मुलगी. माझ्या मनात येणाऱ्या शंका तिच्या आधीच तपासून झालेल्या होत्या.

काका माझं स्टूल धरून उभे होते. मला त्यांची दुकानातली पहिली भेट आठवली. लोक मशीन निवडताना ताकद विचारतात, टिकाऊपणा विचारतात, वीज गेली तर काय, ते विचारतात. काकांनी एकच विचारलं होतं, "आवाज किती करतं?" मी सांगितलं, चेनवालं दणकट असतं पण खडखडतं, सगळ्या गल्लीला कळतं. रबरी बेल्टवालं मांजरीच्या पावलांनी चालतं. ते लगेच म्हणाले होते, "मग बेल्टवालंच. गॅरेजच्या वर हिची खोली आहे. हिची झोप फार सावध."

मी तेव्हा मनात म्हटलं होतं, नशीबवान बाई. आमच्या घरात माझ्या झोपेची पर्वा नवऱ्याच्या घोरण्याला नाही, मशीन तर दूरच.

"काकू वर आहेत का? त्यांनाही विचारू या," मी म्हटलं.

काका एकदम चहा टाकायला आत गेले. लेकीने मला बाजूला घेतलं. "ताई, आईला जाऊन वर्ष झालं."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. मशीन तर मी दोन महिन्यांपूर्वी बसवलं होतं.

"याचीच भीती वाटते मला," तिचे डोळे भरून आले. "ती आहे असंच धरून चालतात. आज दार विसरले, उद्या गॅस विसरतील. मी तिकडे, हे इथे एकटे. मला काय हौस आहे का त्यांना घराबाहेर काढायची?"

तिला हौस नव्हती हे दिसत होतं. तेवढ्यात मांजर काखेत मारून समोरच्या बाई पुढे आल्या. निवृत्त शिक्षिका त्या, गल्लीची हजेरी अजून घेतात.

"एक मात्र खरं हं," त्या म्हणाल्या. "दार बंद करताना मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलंय. बंद झालं, तीनदा ओढून झालं, घरात गेले. मी माझा चहा घेऊन खिडकीत परत येते, तर दार उघडं!"

३

म्हणजे दार बंद करायचं राहत नव्हतं. बंद झालेलं दार कुणीतरी पुन्हा उघडत होतं.

माझा नवरा मला थट्टेने गुप्तहेर म्हणतो. त्याचे मोजे हरवले की तपास माझ्याकडेच येतो. तर मी गुप्तहेराच्या थाटात पहिला संशय घेतला तो खुद्द बाईंवर. कारणं दोन. एक तर तसलंच मशीन त्यांनीही माझ्याकडून घेतलं होतं. आणि काका घर विकणार असतील तर आधी मला सांगा, माझ्या भाच्याला हवंय, असं त्या मागे सगळ्यांना सांगत होत्या.

"बाई, तुमचा रिमोट जरा दाबता का?"

त्यांनी ओळखलं. नाकाचा शेंडा लाल झाला. रस्ता ओलांडून त्या घरात गेल्या, रिमोट आणला आणि माझ्या नाकासमोर धरून दाबला. त्यांचं दार उघडलं. काकांचं दार ढिम्म. मला ते माहीतच होतं. प्रत्येक रिमोटची मशीनला वेगळी ओळख करून द्यावी लागते. आमच्या भाषेत रिमोट शिकवावा लागतो. शेजाऱ्याच्या रिमोटला मशीन भीक घालत नाही.

"भाच्याने केव्हाच घर घेतलं दुसरीकडे," बाई म्हणाल्या. "मी फोन करते तो काळजीपोटी. दार उघडं, वरच्या खोलीत दिवा, मी खालून हाका मारते आणि यांना ऐकू येत नाही. मी काय समजायचं?"

"वरच्या खोलीत दिवा?" लेकीने विचारलं. "बाबा, तुम्ही वर जाता?"

काका चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. "छे. गुडघे कुठे चालतात माझे? दिवा चुकून राहिला असेल."

बोलताना ते कपांकडे बघत होते. तिजोरी सांभाळणाऱ्या माणसाला खोटं बोलायचा सराव नसतो. मी ते ऐकलं आणि चहाबरोबर गिळून टाकलं.

दुसरा संशय लेकीवर. ती समोर असताना विचारायला जीभ रेटत नव्हती, पण विचारलं. "मशीनच्या खोक्यात दोन रिमोट होते. काकांनी मला दोन्ही शिकवून ठेवायला सांगितले होते. एक यांच्या किल्ल्यांना आहे. दुसरा तुझ्याकडे आहे का?"

"दुसरा?" ती चकित झाली. "मला वाटलं एकच आहे. बाबा, दुसरा रिमोट कुठाय?"

"आहे की," काका म्हणाले. "जागच्या जागी आहे."

आणि साखर कमी झालीये का, असं म्हणत ते परत आत निघून गेले. साखर ट्रेमध्येच होती.

४

निघताना मी काकांच्या किल्ल्यांतला रिमोट काढून घेतला. "तपासायला नेते. तोवर भिंतीवरचं बटण वापरा." भिंतीवरच्या बटणाची वायरही बघून घेतली होती, कुठे खरचटलेली नव्हती. आता दार उघडलं तर उघडणारा एकच उरत होता, तो जागच्या जागी असलेला दुसरा रिमोट.

लेक तिच्या गावी परतली. मी मनाशी म्हणत होते, नको गं बाई उघडू, दोन दिवस कळ काढ. हे मी दाराशी बोलत होते. धंद्यात मुरलं की असं होतं.

दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन आला. "ताई, बाईंनी कळवलंय. परत उघडलं. आणि बाबा म्हणाले, बॅग भरतो, येतो मी तिकडे. भांडले असते तर बरं झालं असतं हो. नुसतं हो म्हणाले."

मी दुकानाच्या मागच्या खोलीत होते. नवरा जुन्या बॅटऱ्या वेगळ्या काढत बसला होता. नवं मशीन बसवलं की जुन्याचे रिमोट आम्ही घेऊन येतो, म्हणजे बॅटऱ्या कचऱ्यात जात नाहीत. त्याने एक रिमोट उचलून डोळ्यासमोर धरला.

"गुप्तहेर मॅडम, हे तुमच्या कुलूपकाकांचे ना? एकाची बॅटरी कधीच मेलीये. आणि हे बघा, क्लिपमध्ये काय अडकलंय."

केसांची पिन होती. खालच्या बाजूला खोकल्याच्या गोळीचा कागद चिकटलेला. काकांच्या डोक्यावर पिन लावायला केस औषधालाही नाहीत.

मी फोन कानाला लावला. लेक अजून लाइनवर होती. "ऐक. तुझे बाबा वस्तू कुठे ठेवतात?"

"जिथली तिथे. त्यावरून आम्ही लहानपणी किती बोलणी खाल्लीत."

"मग जुन्या मशीनचा दुसरा रिमोट कुठे असायचा?"



"आईच्या पर्समध्ये," ती म्हणाली. "बाहेरच्या कप्प्यात. तिची चॉकलेटी पर्स. अजून तिच्या खोलीत खुंटीला आहे."

"नवा रिमोट आला, तेव्हा जुना काढून हा त्याच कप्प्यात ठेवला असणार. जागच्या जागी."

"पण पर्स खुंटीला टांगलेली असते. आपोआप बटण कसं दाबलं जाईल?"

"आपोआप नाही. पर्स कुणीतरी खाली काढतं." पुढचं विचारायला जड जात होतं. "या वेळी दार उघडं दिसलं, त्याआधी काय झालं होतं?"

"काही नाही. मी फोन केला होता. वृद्धनिवासातल्या खोलीबद्दल बोललो, आम्ही..."

"आणि त्याच्या आधीच्या वेळी?"

हुशार मुलगी ती. मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

"रोज फोन करते मी," ती हळू आवाजात म्हणाली. "रोज दार उघडत नाही. मी त्या खोलीचा विषय काढला की उघडतं. आणि दार उघडलं की मी परत तोच विषय काढते. ताई, मी येते."

५

ती शनिवारी संध्याकाळी आली. गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी केली आणि चालत आली. मी गॅरेजसमोर वाट बघत होते. वरच्या खोलीत दिवा होता. खालचं दार घट्ट बंद.

"फोन करून बघायचा?" मी विचारलं. तपास म्हटला की पुरावा लागतोच.

"नको," ती म्हणाली. "त्यांना आणखी एकदा नाही रडवायचं मला."

फोनची गरजच पडली नाही. उद्या रविवार होता. आम्ही दोघी नुसत्या उभ्या राहिलो, आणि थोड्या वेळाने ते दार वर जाऊ लागलं. रबरी बेल्ट, तेल दिलेली चाकं, एवढासुद्धा आवाज नाही. माझ्या हातचं काम होतं, पण तेव्हा मला त्याचा राग आला. चेनवालं मशीन असतं तर काका पहिल्याच दिवशी दचकून खाली धावले असते.

लेक जिना चढून गेली. मागोमाग मी.

काका काकूंच्या आरामखुर्चीत बसले होते. पायाशी अर्धी भरलेली बॅग. चॉकलेटी पर्स त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, झोपलेलं मूल धरावं तशी. आम्हाला बघून ते गोंधळले. पर्स कुठे लपवावी कळेना.

"अगं, तू? काही नाही, जरा बसलो होतो. गुडघे ठीक आहेत हं."

लेक त्यांच्यासमोर खाली बसली. पर्स काढून घेतली नाही. नुसता तिच्या बाहेरच्या कप्प्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, खिडकीतून खाली बघा."

खाली गॅरेजच्या दिव्याचा उजेड अंगणात पसरला होता. तिने कप्प्यावर बोट दाबलं. उजेड आखडत आखडत दाराशी गेला आणि नाहीसा झाला. पुन्हा दाबलं. उजेड परत अंगणात आला.

काका बघत राहिले. पर्सकडे, खाली, पुन्हा पर्सकडे.

"म्हणजे मी बंद केलं होतं," ते म्हणाले. "मी विसरलो नव्हतो."

"नाही बाबा. तुम्ही काहीच विसरला नाहीत. सगळा घोळ त्यानेच झालाय."

मग ते रडले. इतके दिवस त्या माणसाने स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास थोडा थोडा गमावला होता आणि कुणाला कळू दिलं नव्हतं. मीही पेटीत काहीतरी शोधण्याचं नाटक करत डोळे पुसले.

"पण तो रिमोट तिच्या पर्समध्ये का ठेवलात?" लेकीने विचारलं.

"मग तिचा रिमोट कुठे ठेवणार?" काकांना प्रश्नच विचित्र वाटला. "ती गेली हे मला कळत नाही का? रोज कळतं. पण जागा तर तिचीच आहे ना."

"आणि आवाज न करणारं मशीन?"

"इतकी वर्षं हिची झोपमोड नको म्हणून दबकत वावरलो. आता हिच्या खोलीखाली खडखडाट कसा आणू?"

लेकीने त्यांचा हात धरला. "मी फोन ठेवला की तुम्ही इथे येत होता."

"तुझ्याशी काय बोलणं झालं, ते हिला सांगायला नको?" ते म्हणाले. "तू म्हणालीस ते सगळं सांगायचो. मुलगी काळजीने बोलते गं, रागावू नकोस, असंही सांगायचो."

यावर लेकीने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. शेवटी मी माझ्या धंद्याचं बोलले. "काका, हा रिमोट मशीनच्या आठवणीतून काढून टाकू का? एका मिनिटाचं काम आहे. पर्स तशीच राहील तुमच्याकडे."

काका मान हलवणार होते. पण लेकीने कप्प्यात हात घालून रिमोट बाहेर काढला आणि स्वतःच्या किल्ल्यांना अडकवला.

"काढू नका ताई. हा आता माझ्याकडे. बाबा, इथून पुढे दार आपोआप उघडलं तर समजा मी आलेय. दर शनिवारी उघडेल. ती खोली मी नको म्हणून कळवते."

"आणि हा कप्पा रिकामा ठेवायचा?" काका म्हणाले. रिकामी जागा त्यांना बघवत नाही.

मी खिशातून पिन काढली. जुन्या रिमोटला अडकलेली, काकूंची. देऊ की नको अशा विचारात दिवसभर जवळ घेऊन फिरत होते. काकांनी ती हातात घेऊन दिव्यापाशी नेली, नीट पाहिली, आणि कप्प्यात ठेवून चेन लावली. लावल्यावर चेन तीनदा ओढून बघितली.

त्यानंतर एका शनिवारी मी समोरच्या बाईंच्या दाराला तेल देत होते. दाराच्या चाकांना वर्षातून दोनदा तेल द्यावं हे मी त्यांना समजावत होते आणि त्या मला माझे उच्चार समजावत होत्या. एकदम त्यांनी माझा दंड धरला.

"अगं बाई! परत उघडलं बघ!"

काकांचं दार वर चाललं होतं, आवाज न करता. वरच्या खोलीतला दिवा विझला. कोपऱ्यावरून लेकीची गाडी वळली आणि अंगण ओलांडून आत गेली. थोड्या वेळाने काका खाली आले, गुडघे सांभाळत, पण घाईघाईने. दार बंद झालं तेव्हा दोघं बाहेर उभी होती. काकांनी ते तीनदा ओढून बघितलं.

मग लेकीनेही एकदा ओढून बघितलं, आणि दोघं घरात गेली.